कलमाचा घडीचा चाकू: दोनशेचा, दीड हजारांचा की सहा हजारांचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. राजापूरच्या बाजूला तुमची वडिलोपार्जित जागा आहे. येत्या हंगामात काजूची तीनशेएक कलमं स्वतः बांधायची आहेत, आंब्याची थोडी कोय कलमं (नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या रोपावर बांधायची) करून बघायची आहेत, बांधावरच्या दोन-तीन रायवळ म्हणजे गावठी आंब्याच्या झाडांवर हापूस चढवायचा आहे आणि जमलं तर आईच्या गुलाबांवर डोळे भरायचे, म्हणजे दुसऱ्या झाडाचा डोळा सालीत बसवायचा आहे. त्यासाठी तीन घडीचे चाकू तुम्ही हेरून ठेवलेत. पहिला छोटा देशी चाकू: पाच सेंटिमीटरचं गोल टोकाचं पातं, मागे साल उचकटायची प्लॅस्टिकची जीभ, किंमत दोनशेच्या आसपास. दुसरा व्हिक्टोरिनॉक्सचा: साडेसहा सेंटिमीटरचं सरळ पातं, स्टेनलेस, दीड हजारांच्या घरात. तिसरा टिना या जर्मन कंपनीचा, कार्बन स्टीलचा, अक्रोडाच्या मुठीचा, सगळं धरून सहा हजारांपर्यंत जाणारा. तो तुमचा भाचा जर्मनीहून आणू शकतो. तुमचा सवाल असा, की फोटोत तिन्ही सारखेच दिसतात, मग किमतीत तीसपट फरक कशाचा? आणि महाग घेतला तर कलमं जास्त लागतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही लागणार. कलम लागतं ते खुंटाची (खालच्या मुळं असलेल्या रोपाची) आणि काडीची (वर बांधायच्या फांदीच्या तुकड्याची) अंतरसाल, म्हणजे सालीखालचा कोवळा थर, एकमेकींना नीट भिडली, भिडेपर्यंत सुकली नाही आणि बांधल्यावर हलली नाही म्हणून. त्यात काडीचा वाटा सगळ्यात मोठा. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, डोळा फुगलेला पण उमललेला नाही अशी काडी. आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापलेली. काढल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. हे नसेल तर जगातला कुठलाही चाकू उपयोगाचा नाही. चाकूचं काम एवढंच, की काप एका ओढीत, सपाट आणि न चिरडलेला यावा. हे काम दोनशेचा चाकूसुद्धा करतो. फक्त तो ते किती वेळ करतो आणि त्याआधी तुम्हाला त्याच्यावर किती मेहनत घ्यावी लागते, यात किमतीचा फरक आहे.

माझी सिंधुदुर्गात रोपवाटिका आहे. हंगामात हातात चाकू असतो आणि संध्याकाळी निसणा, म्हणजे धार लावायचा दगड. कलमवाल्या गड्यांचे चाकूही बहुतेक मीच लावून देतो, त्यामुळे स्वस्त-महाग, देशी-परदेशी सगळ्या पात्यांशी संबंध आला आहे. तरी माझं मत कोकणातल्या कामावरून बनलेलं आहे हे लक्षात ठेवा. विदर्भात संत्र्याचे डोळे भरणारा माणूस तुम्हाला कदाचित वेगळं सांगेल, आणि त्याच्या कामापुरतं ते बरोबरच असेल.

आता लांबीचं बघू, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोकांना वाटतं, चीर सहा सेंटिमीटर खोल घ्यायची तर पातं सहापेक्षा लांब हवं. तसं नाही. काजूच्या मृदुकाष्ठ कलमात (खुंटाच्या कोवळ्या लाकडावर काडी बांधायच्या पद्धतीत) खुंटाचा शेंडा छाटून मधोमध साधारण सहा सेंटिमीटरची उभी चीर घेतो, पण पातं त्या वेळी खोडाला आडवं असतं आणि खाली सरकत जातं. तिथे पात्याची लांबी आठ मिलिमीटरच्या खोडाला पुरली म्हणजे झालं. लांबी लागते ती काडीची पाचर करताना. पाचरेचा एकेक उतार सहा सेंटिमीटरचा, तोही एकाच ओढीत. पातं मुठीजवळच्या भागापासून टोकाकडे सरकत काडीतून जातं. नुसतं ढकललं तर काप लाटालाटांचा येतो, सरकवत ओढलं तर काचेसारखा येतो. या सरकण्याला जागा हवी. पाच सेंटिमीटरचं, त्यातही टोकाला गोल वळलेलं पातं असेल तर वापरण्याजोगी सरळ धार साडेतीन-चार सेंटिमीटरच उरते. सवयीचा हात तेवढ्यात भागवतो. नवख्या हाताला शेवटच्या सेंटिमीटरला पातं अपुरं पडतं, मग तो थांबून दुसरी ओढ घेतो, आणि त्या सांध्यावर पायरी पडते. पायरी पडली की तिथे पोकळी, पोकळीत पाणी, पाण्यात बुरशी.

म्हणून काजू आणि आंब्यासाठी सहा ते सात सेंटिमीटरचं सरळ पातं मला सोयीचं वाटतं. त्याहून लांब नको. आठ-नऊ सेंटिमीटरचं पातं असलं की टोक कुठे आहे याचा अंदाज राहत नाही आणि ते हमखास डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी पोचतं. गोल टोकाचा छोटा चाकू वाईट नाही, पण तो डोळे भरायला बनवलेला आहे. गुलाबाच्या किंवा लिंबाच्या खोडावर इंग्रजी टीसारखा काप घ्यायचा, अडीच-तीन सेंटिमीटरची उभी चीर, वर आडवी छोटी चीर, जिभेने साल हलकेच सोडवायची आणि ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवायचा. या कामात टोक गोल असल्याने आतल्या लाकडाला ओरखडा पडत नाही आणि छोटं पातं बोटांत फिरतं. म्हणजे तुम्ही तुलना करताय ते चाकू दिसायला भावंडं असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. आधी काम ठरवा, किंमत मागाहून.

आता एक गोष्ट सांगतो ती ऐकून तुम्हाला तिन्ही चाकू विसरावेसे वाटतील. आंब्याच्या कोय कलमासाठी आमच्याकडे कित्येक गडी चाकू वापरतच नाहीत. दाढीचं साधं ब्लेड उभं मोडून अर्धं करतात आणि त्याने बांधतात. कारण सरळ आहे. जून-जुलैत रुजलेली कोय, दहा-पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रोप, खोड काकडीसारखं कोवळं. त्यात चार-पाच सेंटिमीटरची चीर घ्यायची तर पातं जितकं पातळ तितकं चांगलं. जाड पातं चिरत नाही, फाडत पुढे जातं, आणि चीर हवी त्यापेक्षा खाली उतरून कोयीपर्यंत जाते. ब्लेडची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. सहा हजारांचा चाकूही या एका कामात त्याच्यापुढे उणा पडतो. पण खुंट थोडा जून झाला, काडी कडक झाली, की ब्लेड वाकतं आणि काप बाकदार येतो. धरायला मूठ नसते, हात चिकाने बुळबुळीत झालेले असतात, आणि मोडकी ब्लेडं शेडमध्ये मातीत पडून राहतात. अनवाणी पायांनी काम करणाऱ्या बायकांच्या तळव्यात ती जातात, म्हणून मी ब्लेड वापरायला देतो तेव्हा मोडकी टाकायला डबाही देतो. तुम्ही कोय कलमं थोडीच करणार आहात. ती ब्लेडने करा.

मग चाकू कशासाठी? काजूसाठी, आणि रायवळावरच्या कामासाठी. रायवळाचं तुम्ही मनात काय धरलंय ते ठाऊक नाही, पण जुन्या झाडाच्या फांद्या छाटायला चाकू लागत नाही, करवत लागते. छाटल्यावर दोन-तीन महिन्यांत खाली नवी फूट येते, त्यातली तीन-चार जोरकस ठेवायची, बाकीची काढायची आणि त्या फुटीवर मृदुकाष्ठ पद्धतीनेच हापूसची काडी बांधायची. म्हणजे चाकूचं काम पुन्हा तेच, पेन्सिलीएवढ्या कोवळ्या लाकडावरचं. थेट जाड बुंध्यावर साल सोडवून काड्या खोचायची पद्धतही आहे, पण पहिल्याच वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

इथपर्यंतचं एकत्र करू: काजूसाठी आणि रायवळाच्या फुटीसाठी सहा-सात सेंटिमीटरचं सरळ पातं, कोयीला ब्लेड, गुलाबाला छोटा गोल टोकाचा. लांबीचा प्रश्न इथे संपला. आता किमतीकडे वळू.

किमतीत पहिला फरक धारेच्या घडणीचा. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. कलमाच्या खास चाकूला बहुधा एकाच बाजूने असतो, दुसरी बाजू काचेसारखी सपाट. काप घेताना जे लाकूड तुमच्या हातात राहणार आहे त्याला सपाट बाजू टेकते, आणि उतार उडून जाणाऱ्या ढलपीकडे असतो. सुताराचा पटाशी चालवायचा नेम हाच. लाकडाला टेकलेली सपाट बाजू पात्याला वाट दाखवते, म्हणून काप आपोआप सरळ येतो. दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या पात्याने सपाट काप घेता येतो, पण मनगट सतत तोलून धरावं लागतं. तीनशे कलमांच्या कामात नवख्या माणसाला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

यातली गोम अशी, की एकाच बाजूने उतार म्हटला की चाकू उजव्या किंवा डाव्या हाताचा होतो. टिनाकडे डावखुऱ्यांसाठी वेगळे चाकू मिळतात. स्वस्तातल्या बाजारात डाव्या हाताचा चाकू मिळणं मुश्कील. तुम्ही डावरे असाल तर भाच्याला आधीच बजावून ठेवा, आणि स्वस्तातच घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंनी उतार असलेला घ्या, तो कुठल्याही हाताला चालतो. व्हिक्टोरिनॉक्सचं जे मॉडेल तुम्ही बघताय त्याची धार एकतर्फी आहे की दुतर्फी, हे विकणाऱ्याकडून धारेचा जवळून काढलेला फोटो मागवून तपासा. नुसतं नाव वाचून ठरवू नका.

दोनशेच्या चाकूत अडचण असते ती इथेच. पातं एकतर्फी म्हणून विकतात, पण सपाट बाजू सपाट नसते. पट्टीच्या कडेवर टेकवून उजेडाकडे धरलं की मधून फट दिसते. मशीनच्या चाकावर घाईत घासलेलं असतं. घरी आणून दगडावर ती बाजू सपाट करावी लागते आणि त्याला एखादी संध्याकाळ जाते. ते करून घेतलंत तर चाकू चांगला निघू शकतो. माझ्याकडच्या एका जुन्या गड्याचा चाकू असाच देशी आहे. घासून घासून पातं निम्मं झालंय, पण त्याची कलमं बघायला या.

दुसरा फरक पोलादाच्या पाण्याचा, म्हणजे तापवून-निववून त्याला आणलेल्या कडकपणाचा. पाणी नीट दिलेलं नसेल तर दोन प्रकार होतात. पातं मऊ राहिलं तर धार वळते, वीस-पंचवीस काड्यांनंतर ती घसरायला लागते. जास्त कडक झालं तर धारेला बारीक दात पडतात आणि कापावर उभ्या रेघा उमटतात. स्वस्त चाकूंत हे नशिबावर असतं. एकाच खोक्यातले दोन चाकू सारखे निघतील याची खात्री नसते. दीड हजारांत तुम्ही मुख्यतः ही खात्री विकत घेता. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूंचा कडकपणा रॉकवेल मापात ५६ सांगते. हा काही फार वरचा आकडा नव्हे, धार मध्यम टिकते. पण प्रत्येक चाकू तसाच निघतो आणि दगडावर लवकर लागतो. कंपनी जुनी, १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात सुरू झालेली. लाल मुठीचे बहुकामी चाकू सगळ्यांना ठाऊक असतात, बागकामाचे त्या मानाने कमी लोकांना.

टिनाचं वेगळं आहे. जर्मनीतल्या रॉइटलिंगन शहरातलं हे घराणं १८५४ पासूनचं, आणि कलमाचे व बागेचे चाकू हाच त्यांचा धंदा. पातं घडवलेलं, कार्बन स्टीलचं, एका बाजूने धारेचं. ते हातात घेतल्यावर काय वाटतं हे लिहून सांगता येणार नाही, पण काप घेताना काडीचा आवाज बदलतो एवढं सांगतो. धार जास्त तीक्ष्ण होते आणि जास्त वेळ राहते. रोज शेकड्यांनी कलमं बांधणाऱ्याला मध्ये थांबून पातं लावावं लागत नाही, म्हणून त्याचे पैसे वसूल होतात. तुम्ही वर्षाला तीनशे बांधणार. तुमच्या बाबतीत ते वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. हौस म्हणून घ्यायचा तर जरूर घ्या, हौसेला हिशेब नसतो. पण गरज म्हणून नको.

शिवाय आपली हवा. कोय कलमाचा आणि बराचसा मृदुकाष्ठ कलमाचा हंगाम म्हणजे नेमका पावसाळा. शेडमध्ये सगळं ओलं, हाताला चीक, आणि कार्बन स्टील रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी तांबेरलेलं. आंब्याच्या आणि काजूच्या सालीत टॅनिन असतं, त्याने कार्बन पातं काही मिनिटांत निळं-काळं पडतं. त्या काळेपणाने कलमाला बाधा होते असं मला तरी दिसलेलं नाही, पण पातं दर थोड्या वेळाने पुसावं लागतं, संध्याकाळी धुऊन, कोरडं करून, खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागतो. बिजागरीतही थेंबभर तेल. ही शिस्त ज्याच्या अंगी आहे त्याने कार्बन घ्यावं. ज्याचा चाकू कालच्या पँटच्या खिशात सापडतो त्याने स्टेनलेस.

ओपिनेलबद्दलही तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. चाकू छान, फ्रान्सच्या सावोयमधला, १८९० पासूनचा. त्याचे आकार नंबरावर चालतात: ६ नंबरचं पातं सात सेंटिमीटरचं, ८ नंबरचं साडेआठ, १० नंबरचं दहा. १९५५ पासून त्याला पातं अडकवायची फिरती कडी आहे, हा त्याचा मोठा गुण. पण धार दोन्ही बाजूंनी, आणि मूठ बीच लाकडाची. आपल्या पावसात ती मूठ फुगते आणि पातं बाहेर काढताना नखं दुखतात. काड्या छाटायला, सुतळी कापायला, जेवणाच्या वेळी कांदा चिरायला ६ किंवा ८ नंबर उत्तम. कलम बांधायला नको.

कडीवरून आठवलं. कलमाच्या बहुतेक घडीच्या चाकूंना पातं अडकवायची सोय नसते, नुसती स्प्रिंग असते. पात्याच्या पाठीवर जोर आला तर ते बोटांवर मिटतं. म्हणून टोक खुपसायचं नाही, चिरेत अडकलेलं पातं उपटून काढायचं नाही, आणि चीर घेताना खुंट धरलेला हात पात्याच्या वाटेत येऊ द्यायचा नाही. पातं उघडून बाजूंना हलवून बघा. बिजागरीत खेळ असेल तर तो चाकू दुकानातच परत द्या, मग तो कितीचाही असो.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही एक ओळही लिहिली नाही ती: धार. तुमच्या बजेटमध्ये दगडच नाही. कुठलाही चाकू असो, दुकानातून आलेली धार कलमाला पुरेशी नसते. थोडा अपवाद टिनाचा, आणि तीही धार काही शे काड्यांनंतर लावावी लागतेच. माझं म्हणणं असं, की चाकूला दीड हजार द्यायची तयारी असेल तर दगडाला निदान हजार राखून ठेवा. एका बाजूला १००० नंबरचा आणि दुसऱ्या बाजूला ४००० किंवा ६००० नंबरचा असा दुहेरी पाण्याचा दगड, आणि लाकडी पट्टीवर चिकटवलेला जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा तुकडा. चामड्यावर हिरवी पॉलिश पेस्ट चोळून ठेवायची. एवढंच सामान.

पद्धत अशी. दगड पाण्यात भिजवून घ्या, ज्या दगडाला भिजवणं चालत नाही त्यावर नुसतं पाणी शिंपडा. एकतर्फी पात्याचा उतार जसा आहे तसा पूर्ण दगडावर टेकवा. कोन मोजत बसायची गरज नाही, उतारच तुम्हाला कोन दाखवतो. हलक्या हाताने पुढे-मागे चालवा, जोपर्यंत सपाट बाजूच्या कडेला बोटाच्या पेराला बारीक खरखर लागत नाही. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत अखंड लागली पाहिजे. मधेच तुटली तर तिथे धार आलेलीच नाही. मग पातं उलटून सपाट बाजू दगडावर पूर्ण चपटी ठेवा आणि दोन-तीन हलके हात द्या. इथे एक केसही पातं उचलायचं नाही. सपाट बाजूला चुकून उतार पाडलात तर चाकू दुतर्फी झाला, आणि ते निस्तरायला पातं बरंच झिजवावं लागतं. पुढे बारीक दगडावर हेच, आणि शेवटी चामड्यावर पाठीच्या दिशेने ओढायचं. धारेच्या दिशेने ढकललं तर चामडं कापलं जाईल.

कलमं बांधत असताना दगडावर जायची गरज दिवसातून क्वचितच पडावी. पंचवीस-तीस काड्या झाल्या की चामड्यावर चार-पाच हात, बस. दाढी करणाऱ्या न्हाव्याला पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाहिलं असेल, तेच तत्त्व.

धार पुरेशी आहे का, ते हाताचे केस उडवून बघतात. त्यापेक्षा चांगली परीक्षा काडीवरच होते. काजूची छाटलेली एक कोवळी काडी घ्या, सहा सेंटिमीटरचा उतार एका ओढीत कापा आणि तो काप स्टीलच्या पट्टीवर टेकवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर काप बाकदार आहे, म्हणजे हाताचा किंवा सपाट बाजूचा दोष. कापावर उभ्या रेघा दिसल्या तर धारेला दात आहेत. काप मंद, मळकट दिसला तर धार बोथट, ती पेशी चिरडतेय. काप ओला आणि चकचकीत दिसला की कलमाला बसा.

रस्त्यावरच्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नका. तो माणूस आपल्या कामात हुशार असतो, पण त्याचं चाक कोयत्यासाठी आणि कात्रीसाठी आहे. तो दोन्ही बाजूंनी धार काढून देईल, आणि ठिणग्या उडता उडता धारेचा रंग निळसर झाला तर समजा तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तो भाग पुन्हा धार धरत नाही.

आणि ज्या चाकूने कलम बांधता त्याने दुसरं काहीही कापू नका. खताची गोणी, नायलॉनची दोरी, आंबा, काही नाही. खोडावर चिकटलेली मातीसुद्धा धारेची वैरी आहे, म्हणून खुंट आधी ओल्या फडक्याने पुसून मग पातं लावायचं. झाडावरून काड्या काढायला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, वापरा. सिकेटर एका बाजूने लाकूड चेपतं, पण ते टोक तसंही पाचर करताना निघून जातं.

गुलाबाबद्दल आणि विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळा मुद्दा. लिंबूवर्गीय झाडांत एक्सोकॉर्टिससारखा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नुसत्या चाकूच्या पात्याने जातो. तो स्पिरिटने पुसून मरत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटचं साधारण एक टक्क्याचं द्रावण लागतं, एका मातृवृक्षाकडून (ज्याचे डोळे घेतो त्या झाडाकडून) दुसऱ्याकडे जाताना पातं त्यात बुडवायचं. आणि हे द्रावण कार्बन स्टीलला फार लवकर गंजवतं. म्हणजे वरुड, मोर्शी, शेंदुरजना घाटाकडे डोळे भरणाऱ्याने कितीही पैसे असले तरी स्टेनलेसच घ्यावं असं मी म्हणेन, आणि बुडवून झाल्यावर साध्या पाण्याने धुवावं. तुमच्या घरच्या गुलाबांना सत्तर टक्के स्पिरिटचा बोळा पुरे.

भाच्याकडून चाकू आणायचाच ठरला तर त्याला तो चेक-इन बॅगेत ठेवायला सांगा, केबिनच्या बॅगेत घडीचा चाकू चालत नाही. बाकी शस्त्र कायद्याची काळजी तुम्हाला नको. नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि शेतीची अवजारं त्यातूनही वगळली आहेत. आपल्या चाकूचं पातं तीन इंचांचंही नाही. फक्त निवडणुकीच्या किंवा सणांच्या दिवसांत जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात तेव्हा खिशात चाकू घालून बाजारात हिंडू नका, तो बागेतच राहू द्या.

तुमच्या जागी मी असतो तर काय घेतलं असतं? दीड हजारांचा सरळ पात्याचा स्टेनलेस, धार एकतर्फी असल्याची खात्री करून. एकतर्फी नसेल तर तेच पैसे न घालवता चार-पाचशेतला बरा देशी सरळ पात्याचा चाकू शोधला असता आणि सपाट बाजू स्वतः दगडावर आणली असती. गुलाबांसाठी तो दोनशेचा छोटा घेतला असता, त्या कामाला तो पुरून उरतो. दाढीच्या ब्लेडचं एक पाकीट. उरलेले पैसे दगडाला आणि कलम गुंडाळायच्या २०० गेजच्या पॉलिथीन पट्टीला. टिना तुम्ही दोन हंगाम काढल्यावर घ्या. तोवर तुमचा हात त्याच्या लायकीचा झालेला असेल, आणि मुठीचा कोणता आकार मानवतो हेही कळलेलं असेल.

दोन पात्यांचा, एक सरळ आणि एक आकडीसारखं वळलेलं, असा जाडजूड चाकूही बाजारात दिसेल. दुकानदार 'एकात दोन' म्हणून गळ्यात मारायला बघतात. वळलेलं पातं छाटणीचं आहे, ते काम सिकेटर चांगलं करतं, आणि मूठ दुप्पट जाड झाल्याने सरळ पात्यावरचा ताबा जातो.

एप्रिल-मे हातात आहे. काजूच्या छाटणीतल्या काड्या फेकू नका, त्यांच्यावर रोज थोड्या पाचरा करा आणि पट्टीवर धरून बघा. शक्य असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या कलम प्रशिक्षणाची चौकशी करा, बांधणाऱ्याच्या मनगटाकडे बघून जे कळतं ते मी लिहून देऊ शकत नाही. आणि तुम्ही उजवे की डावरे, खुंट किती दिवसांचे आहेत, काड्या कुठल्या जातीच्या आणताय एवढं कळवा. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ यांच्या काड्यांची जाडी बघून पाचर किती लांब ठेवायची ते त्यानुसार सांगतो.